गावगप्पांतून खुनी शोधणाऱ्या अगाथाबाई

तालुक्याच्या गावात एखादा खून झाला, की पोलिसांची गाडी पोचायच्या आधीच चहाच्या टपरीवर तपास सुरू होतो. बांधावरून कुणाचं वाजलं होतं, कोण कुणाच्या दारात दिसलं, रात्री उशिरापर्यंत कुणाच्या घरात दिवा जळत होता, सगळं बाहेर पडतं. त्यातलं निम्मं खोटं असतं, काही तर मुद्दाम पसरवलेलं असतं. पण कुठंतरी एखादी खरी गोष्टही त्यात दडलेली असते आणि नेमकी तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

ही गावगप्पांची गंमत आणि तिचा धोका, दोन्ही ओळखून जगभर वाचल्या गेलेल्या कादंबऱ्या लिहिणारी एक बाई इंग्लंडमध्ये होऊन गेली. अगाथा ख्रिस्ती. नावावर ६६ रहस्यकादंबऱ्या, १४ कथासंग्रह आणि कित्येक नाटकं. पुस्तकांच्या विकल्या गेलेल्या प्रती दोनशे कोटींच्या घरात असल्याचं मानलं जातं. शंभराहून जास्त भाषांत अनुवाद झाले, त्यात मराठीही आली. एवढं यश मिळवणाऱ्या या बाईंच्या आयुष्यात मात्र एक वेळ अशी आली, की सगळ्या देशाने त्यांच्याच घराबद्दल गावगप्पा केल्या. ते प्रकरण समजून घेतलं, की त्यांच्या कादंबऱ्या वेगळ्याच वाटायला लागतात.

शाळेत न गेलेली मुलगी

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा. गाव टॉर्की, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं समुद्रकाठचं शहर. वडील फ्रेडरिक मिलर मूळचे अमेरिकन. वडिलोपार्जित पैशावर आरामात जगणारे, क्लबात पत्ते खेळणारे, स्वभावाने गोड. आई क्लारा हुशार आणि जरा हट्टी. तीन भावंडांत अगाथा धाकटी. थोरली बहीण मॅज आणि भाऊ माँटी तिच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठे. त्यामुळे घरात ती जवळपास एकटीच वाढली. बागेत मनातल्या मनात सवंगडी तयार करायचे आणि त्यांच्याशी खेळायचं, हा तिचा उद्योग.

आठ वर्षांपर्यंत मुलांना वाचायला शिकवू नये, अशी आईची एक समजूत होती. पोरीने मात्र पाचव्या वर्षाच्या आतबाहेरच स्वतःहून वाचायला शिकून घेतलं. रीतसर शाळा अशी तिच्या वाट्याला फारशी आलीच नाही. वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पैसा आधीच आटत चालला होता, आता घर टिकवायची ओढाताण सुरू झाली.

पुढे तिला पॅरिसला शिकायला पाठवलं. पियानो आणि गाणं शिकली, पण लोकांसमोर वाजवायचं म्हटलं की हात थरथरायचे. लाजाळूपणा एवढा, की रंगमंचाचं स्वप्न सोडून द्यावं लागलं. एकदा आजारपणात अंथरुणावर कंटाळली असताना आईने सुचवलं, एखादी गोष्ट लिहून बघ. तिथून लिहिणं सुरू झालं. पहिली कादंबरी कुणी छापली नाही. शेजारी राहणारे लेखक ईडन फिलपॉट्स यांनी ती वाचून सल्ला दिला, धीर दिला, एवढंच.

दवाखान्यातली कंपाउंडर

१९१२ मध्ये एका नृत्यसमारंभात तिची गाठ आर्ची ख्रिस्ती या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी पडली. आर्चीचा जन्म आपल्या तेव्हाच्या हिंदुस्थानातला, पेशावरचा. वडील इथल्याच सरकारी सेवेत होते. दिसायला देखणा, विमानाचं वेड असलेला. दोघांकडे पैसा नव्हता, तरी पहिलं महायुद्ध सुरू असतानाच २४ डिसेंबर १९१४ रोजी घाईघाईत लग्न लागलं आणि आर्ची लगेच फ्रान्सच्या आघाडीवर परतला.

इकडे अगाथाबाई टॉर्कीच्या युद्धकालीन रुग्णालयात काम करत होत्या. आधी जखमी सैनिकांची शुश्रूषा, नंतर औषधं देण्याच्या विभागात. आपल्या भाषेत सांगायचं तर कंपाउंडरचं काम. त्यासाठी त्यांनी परीक्षाही दिली. कुठलं औषध किती थेंबांपर्यंत औषध राहतं आणि कुठून पुढे विष होतं, हे त्यांना इथे कळलं.

या शिक्षणातला एक प्रसंग त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. शिकवणाऱ्या औषधविक्रेत्याने हिशेबात दशांशचिन्ह चुकवलं आणि औषधात दहापट जास्त मात्रा पडली. हे शिकाऊ अगाथाबाईंच्या लक्षात आलं. पण त्या काळात एका तरुण मुलीने अनुभवी पुरुषाची चूक तोंडावर सांगायची कशी? त्यांनी धक्का लागल्याचं नाटक करून सगळा ट्रे खाली पाडला आणि वर पाय देऊन माल निकामी केला. मग धांदरटपणाबद्दल माफी मागितली. रोग्यांचा जीव वाचला, त्या माणसाची अब्रूही राहिली.

याच औषधांच्या कपाटांसमोर बसून पहिली रहस्यकादंबरी सुचली. बहीण मॅजने डिवचलं होतं, की तुला काही रहस्यकथा जमायची नाही. कादंबरीतलं विष स्ट्रिकनीन, म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांतून निघतं ते. गुप्तहेर कसा हवा, याचं उत्तर गावातच मिळालं. युद्धामुळे बेल्जियमचे निर्वासित टॉर्कीत आले होते. त्यांना पाहून अंड्यासारख्या डोक्याचा, मिशीला जपणारा हर्क्यूल पॉयरॉ जन्माला आला.

पुस्तक अनेक प्रकाशकांनी परत पाठवलं. शेवटी १९२० मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये ते छापलं गेलं. लेखिकेच्या हातात पडले फक्त २५ पौंड. पण औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने विषाची माहिती अचूक असल्याचं नोंदवलं, त्याचा आनंद त्यांना आयुष्यभर पुरला.

ते अकरा दिवस

१९२६ साल उजाडलं. त्या वर्षी आलेल्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीने वाचकांची झोप उडवली. गोष्ट एका खेड्यातली. गावचा डॉक्टर ती सांगतो आणि त्याची बहीण कॅरोलाइन घराबाहेर पाय न ठेवता मोलकरणी आणि दारावर येणारे विक्रेते यांच्याकडून गावची सगळी बातमी काढते. हे पात्र बाईंचं फार लाडकं.

पण घरात सगळं विस्कटत होतं. एप्रिलमध्ये आई गेली. आईचं घर आवरता आवरता बाई खचल्या होत्या आणि तेवढ्यात आर्चीने सांगितलं, की त्याचं नॅन्सी नील नावाच्या तरुणीवर प्रेम आहे, त्याला घटस्फोट हवा आहे. पदरात सात वर्षांची मुलगी रोझलिंड.

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथाबाई गाडी घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी गाडी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ उतारावर सोडलेली सापडली. आत कोट, बॅग. बाईंचा पत्ता नाही.

मग जे झालं, ते आजच्या ब्रेकिंग न्यूजलाही लाजवेल असं होतं. शेकडो पोलीस, हजारो स्वयंसेवक रानं तुडवायला लागले. तळी उपसली. विमानं फिरवली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी बाईंचा हातमोजा मिळवून तो आत्म्यांशी बोलणाऱ्या माणसाकडे नेला. लेखिका डोरोथी सेयर्स जागा पाहून आल्या. वर्तमानपत्रांत रोज नवा अंदाज. कुणी म्हणे नवऱ्याने मारलं, कुणी म्हणे जीव दिला, तर कुणाचं ठाम मत, की पुस्तक खपावं म्हणून हे नाटक आहे.

१४ डिसेंबरला त्या सापडल्या. उत्तरेकडच्या हॅरोगेट गावातल्या एका हॉटेलात, इतर पाहुण्यांत मिसळून राहत होत्या. हॉटेलात वाजवणाऱ्या वादकांनी चेहरा ओळखून पोलिसांना कळवलं. हॉटेलच्या वहीत त्यांनी जे नाव लिहिलं होतं, त्याचं आडनाव होतं नील. म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचं.

स्मृती गेली होती, असं कुटुंबाने जाहीर केलं. लोकांना ते पटलं नाही. शोधावर झालेल्या खर्चाचा राग बाईंवर निघाला. नवऱ्याने फसवलं ही गोष्ट मागे पडली आणि बायकोने तमाशा केला ही गोष्ट पुढे आली. आपल्याकडेही एखादी बाई घर सोडून गेली, की पारावर याच क्रमाने चर्चा होते, नाही का? अगाथाबाई त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं जगल्या, जाडजूड आत्मचरित्र लिहिलं, पण या अकरा दिवसांबद्दल त्यात एक अक्षर नाही. कायमचं मौन.

पोटासाठी लेखन, आणि बगदादचा रस्ता

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. आता लिहिणं हा हौसेचा भाग राहिला नाही. मुलीला वाढवायचं तर पुस्तक हातावेगळं करावंच लागणार होतं. त्या दिवसांत कशीबशी पूर्ण केलेली 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' ही कादंबरी त्यांना स्वतःला कधीच आवडली नाही. पण मन नसताना, लिहावंसं वाटत नसताना लिहून दाखवलं, तेव्हाच आपण व्यावसायिक लेखक झालो, असं त्या मानत. ख्रिस्ती हे आडनाव वाचकांना माहीत झालं होतं, म्हणून सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव पुस्तकांवर तसंच राहिलं.

त्याच वर्षी वेस्ट इंडीजला जायची तिकिटं काढली होती. एका जेवणात कुणीतरी बगदादचं वर्णन केलं आणि बाईंनी तिकिटं बदलून घेतली. ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्या निघाल्या. इराकमध्ये ऊर इथलं उत्खनन पाहिलं. १९३० मध्ये पुन्हा तिथे गेल्या, तेव्हा पाहुणीला आसपासचा मुलूख दाखवायची जबाबदारी एका तरुण पुरातत्त्व अभ्यासकावर टाकली गेली. त्याचं नाव मॅक्स मॅलोवन.

या प्रवासात गाडी वाळूत रुतली. तासन् तास काही होईना. बाईंनी कुरकुर केली नाही, नवऱ्याला-नशिबाला बोल लावला नाही. गाडीच्या सावलीत आडव्या झाल्या आणि झोपून गेल्या. हीच ती, असं मॅक्सच्या मनाने तिथेच घेतलं. मुलगी आजारी असल्याची तार आल्यावर तो त्यांना सोबत करत इंग्लंडपर्यंत आला.

लग्नाला बाई आधी तयार नव्हत्या. वयात तेरा-चौदा वर्षांचं अंतर, त्यात एकदा पोळलेल्या. लोक काय म्हणतील, हा प्रश्न तर चांगलाच ओळखीचा झालेला. तरी ११ सप्टेंबर १९३० रोजी एडिंबरोत गाजावाजा न करता लग्न झालं. त्या चाळिशीला टेकलेल्या, तो सव्वीसचा. हे लग्न शेवटपर्यंत टिकलं. पुढे अनेकदा इराक-सीरियातल्या उत्खननाच्या तंबूत त्या राहिल्या. फोटो काढले, खापरांची नोंद ठेवली. निमरूदला सापडलेल्या हस्तिदंती वस्तू साफ करायला विणायची सुई आणि तोंडाला लावायचं क्रीम वापरलं. उरलेल्या वेळात तिथेच बसून खुनाच्या गोष्टी लिहिल्या.

मिस मार्पलचं गाव

आता त्या कॅरोलाइनकडे वळू. 'रॉजर ॲक्रॉइड'वर नाटक झालं, तेव्हा नाटकवाल्यांनी ही प्रौढ, चौकस बाई काढून टाकली आणि तिच्या जागी एक देखणी तरुणी घातली. अगाथाबाईंना ते लागलं. गावातली वय झालेली, लग्न न झालेली बाई कुणालाच नको असते. मिस मार्पल मात्र याच कॅरोलाइनच्या पात्रातून उभी राहिली असावी. १९२७ च्या डिसेंबरमध्ये एका मासिकात ती पहिल्यांदा दिसली, म्हणजे त्या अकरा दिवसांनंतर बरोबर वर्षाने. १९३० मध्ये आलेली 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' ही तिची पहिली कादंबरी.

सेंट मेरी मीड हे मिस मार्पलचं खेडं. बागेत काम करत, विणत बसलेली ही म्हातारी रस्त्यावरून कोण गेलं, कुठल्या वेळी गेलं, हातात काय होतं, सगळं टिपते. तिची पद्धत साधी आहे. खुनाच्या प्रकरणातला माणूस पाहिला, की तिला गावातला कुणीतरी आठवतो. एखादा पैसे खाणारा दुकानदार, एखादी गोड बोलून फसवणारी मोलकरीण. माणसाचा स्वभाव खेड्यात जेवढा जवळून दिसतो तेवढा शहरात दिसत नाही, हे तिचं भांडवल.

पण गावात जे बोललं जातं त्यावर ती सहजासहजी विश्वास ठेवत नाही. ती ऐकते सगळ्यांचं, पडताळते स्वतः. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पिढ्या पोसल्या. तिथे धाडस होतं, वेषांतर होतं. मिस मार्पलकडे यातलं काही नाही. फक्त कान आणि संशय.

लिमस्टॉकची निनावी पत्रं

छोट्या गावातला खून आणि त्यात विणलेली प्रेमकथा, हा बाईंचा खास हातखंडा. त्यासाठी एकच पुस्तक निवडायचं, तर 'द मूव्हिंग फिंगर' निवडावं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ मध्ये ते आलं.

विमान अपघातात जखमी झालेला जेरी बर्टन विश्रांतीसाठी बहिणीसोबत लिमस्टॉक या बाजारगावात येऊन राहतो. थोड्याच दिवसांत एक निनावी पत्र येतं. छापील अक्षरं कापून चिकटवलेलं, घाणेरड्या आरोपांनी भरलेलं. मग कळतं, अशी पत्रं गावात बऱ्याच घरांत आली आहेत. आरोप साफ खोटे, पण आगीशिवाय धूर निघत नाही, असं म्हणत लोक कुजबुजतात. अशातच वकिलाची बायको मृत सापडते. पाठोपाठ त्याच घरातली तरुण मोलकरीण.

या मोलकरणीचा भाग वाचताना जीव कळवळतो. तिला काहीतरी खटकलेलं असतं. कुणाला सांगावं म्हणून ती एका जुन्या ओळखीच्या बाईला फोन करते, भेटायची वेळ ठरते. ती पोचतच नाही. घरातल्या नोकराणीला काय दिसतं, काय कळतं, हे विचारायचं मोठ्या लोकांना सुचतच नाही. मिस मार्पल पुस्तकात फार उशिरा येते, पण आल्यावर नेमकं हेच विचारते. सगळे धुराकडे बघत असताना ती म्हातारी दुसरीकडे बघते. खुनी कोण, ते अर्थातच इथे सांगणार नाही.

प्रेमकथा आहे ती जेरी आणि मेगनची. मेगन म्हणजे वकिलाच्या बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी. वीस वर्षांची, पण घरात कुणाला नकोशी. कपड्यांचं भान नाही, सायकलवर इकडेतिकडे भटकणारी. जेरीचं तिच्याकडे लक्ष हळूहळू जातं आणि ती नुसती दुर्लक्षित पोर नाही, तिच्यात हिंमत आहे, हे शेवटी सगळ्यांना कळतं. प्रेमाचा हा धागा तोंडी लावायला घेतलेला नाही, तो तपासातही कामी येतो.

आज पत्रं कापून चिकटवायची गरज राहिली नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड पुरतो. पाठवणारा कोण, हे कळत नाही. ज्याच्याबद्दल असतं त्याचं घर मात्र उद्ध्वस्त होतं. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीची ही कादंबरी म्हणूनच जुनी वाटत नाही. आणि ती लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः अकरा दिवस आणि पुढची कित्येक वर्षं हा धूर छातीत भरून घेतला होता, हे विसरून चालणार नाही.

१९५० च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'ची सुरुवात तर स्थानिक वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी बघावीच. गावच्या पेपरात छोट्या जाहिरातींत एक ओळ येते, की अमुक घरात शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होणार आहे. गंमत समजून शेजारीपाजारी वेळेवर हजर! युद्धानंतर गावात नवी माणसं येऊन वसली, ती स्वतःबद्दल सांगतील तेच खरं मानायचं, जुनी ओळखपाळख उरली नाही, हे बदलतं खेडं बाईंनी त्यात बरोबर पकडलं आहे.

मान, उणिवा आणि शेवट

१९५२ मध्ये लंडनला त्यांचं 'द माउसट्रॅप' हे नाटक लागलं. त्याचे हक्क त्यांनी नातवाला भेट दिले होते. करोनाच्या काळातला खंड सोडला, तर ते आजवर चालूच आहे. १९७१ मध्ये ब्रिटनने त्यांना 'डेम' हा मोठा किताब दिला. हिंदी सिनेमानेही त्यांच्याकडून घेतलं. 'गुमनाम' (१९६५) त्यांच्या बेटावरच्या खुनांच्या कादंबरीवर बेतला आहे, तर 'धुंद' (१९७३) त्यांच्या एका नाटकावर.

सगळंच गोड नव्हतं. परदेशी, ज्यू आणि काळ्या लोकांबद्दल त्या काळच्या इंग्रजांचे पूर्वग्रह त्यांच्या जुन्या पुस्तकांत दिसतात. त्याच बेटावरच्या कादंबरीचं मूळ इंग्लंडमधलं नाव इतकं अपमानकारक होतं, की ते पुढे बदलावं लागलं. वाचताना हे डोळ्याआड करू नये.

१२ जानेवारी १९७६ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी वॉलिंगफर्ड या छोट्या गावाजवळच्या घरी त्यांचं निधन झालं. जवळच्याच चोल्सी खेड्यातल्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. दोन वर्षांनी मॅक्सही त्यांच्या शेजारी विसावला.

त्या गेल्यानंतरच्या वर्षी कतारहून एक आजारी बाळ लंडनच्या रुग्णालयात आणलं गेलं. डॉक्टरांना निदान होईना. एक परिचारिका तेव्हा अगाथाबाईंची 'द पेल हॉर्स' वाचत होती. बाळाचे केस गळताना पाहून तिला पुस्तकातलं थॅलियमचं विष आठवलं आणि तिने ते डॉक्टरांना सांगितलं. तपासणी केली, अंदाज खरा निघाला. घरात किडे-उंदरांसाठी वापरलेलं विष पोटात गेलं होतं. बाळ वाचलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी परिचारिकेचं ऐकून घेतलं. लिमस्टॉकच्या मोलकरणीचं तसं कुणी ऐकलं नव्हतं. ज्यांना अजून अगाथा ख्रिस्ती वाचायच्या आहेत, त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात त्यांचे मराठी अनुवाद मिळतात का, ते जरूर विचारावं. सुरुवात गावाकडच्या गोष्टींपासूनच करा. माणसं ओळखीची वाटतील.